नागपुरातील सिकलसेल ओपीडी : तपासणी उत्तम, औषधांची खिडकी कमकुवत

भाच्याला सिकलसेल हा लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक रक्तविकार असल्यामुळे नागपुरातील एका मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आमचे नियमित जाणे असते. या सेवेला मी पाचपैकी तीन गुण देतो आणि ते तिन्ही डॉक्टरांच्या तपासणीचे आहेत.

रांग दाराबाहेर गेलेली असतानाही निवासी डॉक्टर मुलाची खालची पापणी ओढून रक्त किती उतरले आहे ते पाहतात, पोटाच्या डाव्या बाजूला बोटे दाबून प्लीहा वाढली आहे का ते चाचपतात, आणि ताप आला किंवा छातीत दुखू लागले तर सकाळची वाट न पाहता लगेच आणा, असे माझ्या बहिणीला दरवेळी बजावून सांगतात. ही आस्था पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

उरलेले दोन गुण औषधांच्या खिडकीवर जातात. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. मात्र ती कॅप्सूल रोज, खंड न पाडता घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. नेमकी तीच अनेकदा संपलेली असते. फार्मासिस्ट केसपेपरवर तिच्यापुढे फुली मारतो, फॉलिक ॲसिडची पाकिटे पुढे सरकवतो आणि 'बाहेरून घ्या' म्हणतो. आम्हाला समोरचे दुकान परवडते; पण गडचिरोलीतल्या कोरची किंवा धानोऱ्याहून मजुरी बुडवून आलेल्या बापाजवळ परतीच्या भाड्यापलीकडे फारसे काही नसते, आणि त्याचे मूल औषधाविनाच गावी परतते.

याचा दोष खिडकीमागच्या माणसाला देणे अन्यायाचे होईल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच नव्हे, तर छिंदवाडा आणि बालाघाटचेही रुग्ण नागपूरच गाठतात, कारण गावाजवळच्या दवाखान्यात तज्ज्ञ नसला की 'नागपूरला न्या' एवढेच सांगितले जाते. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरले होते. ते साधले नाही. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि तिच्यात तपासणीवर मोठा भर आहे, जो योग्यच आहे; पण निदान झालेल्या मुलाला महिन्याची कॅप्सूल त्याच्या तालुक्यातच मिळायला हवी.

नव्याने येणाऱ्यांनी जुने सर्व रिपोर्ट सोबत ठेवावेत आणि कॅप्सूल शिल्लक आहे का, हे खिडकीवर आधीच विचारून घ्यावे. नसल्यास तसे डॉक्टरांना तपासणीच्या वेळीच सांगावे. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, म्हणून प्रमाणपत्राची चौकशीही त्याच फेरीत करावी.