दर्शनाचा अर्थ: फ्रॉइड की जेम्स?
कुणाला देवाचं दर्शन झालं किंवा आवाज ऐकू आला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी १९२७ साली मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना कळवलं, की धर्मभावनेचं मूळ अथांगाशी एकरूप झाल्याच्या अनुभूतीत आहे. फ्रॉइडना ती स्वतःत सापडली नाही. 'मी' आणि जग वेगळं न झालेल्या तान्हुल्याच्या मनाचा तो अवशेष, असं त्यांनी मांडलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी एडिनबरोच्या व्याख्यानांत (१९०१-०२) निराळी वाट धरली. दमास्कसच्या रस्त्यावर संत पॉलला झालेलं येशूचं दर्शन अपस्मार (फेपरं) म्हणून निकालात काढणं त्यांना साफ अमान्य होतं. मेंदूत काय घडलं यावरून अनुभवाचं मोल ठरत नाही. नास्तिकाचे विचारही मेंदूतच घडतात. बघायचं ते माणूस पुढे कसा जगला. मला जेम्सच पटतात, कारण ते अनुभव घेणाऱ्याचं आधी ऐकून घेतात. पण फळ दिसायला वर्षं लागतात. ऐकू येणारा आवाज इजा करायला सांगत असेल, तर त्या फळाची वाट पाहत बसू नये, लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.