ब्रॉयलरच्या गादीसाठी तूस की लाकडाचा भुसा?

ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर अंथरायची गादी कशाची करावी, हे बहुतेक वेळा बाजारभावावरून ठरते. मात्र ब्रूडिंगच्या, म्हणजे लहान पिल्लांना कृत्रिम ऊब देण्याच्या, दिवसांत श्वसनाच्या आजाराने पिल्ले दगावताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी भावाआधी बुरशीचा विचार करावा, असे मला वाटते.

ओल शोषण्यात लाकडाचा भुसा सरस आहे, हे मान्य करायला हवे. भाताचे तूस पाणी फारसे पीत नाही. पाण्याच्या भांड्यांभोवती त्याच्या ढेपा होतात आणि गादी वारंवार खालीवर करावी लागते. मजुरीचा हिशेब करणाऱ्याला भुसाच सोयीचा वाटेल.

माझा कल तरीही तुसाकडे गेला, तो पोत्याच्या आतल्या ओलीमुळे. वखारीतला भुसा पुष्कळदा ओल्या लाकडाचा असतो. पोते वरून कोरडे लागते, पण आत हात घातला की भुसा दमट आणि कोमट जाणवतो, आणि पावसाळ्यात तो वाळवायला ना ऊन मिळते ना जागा. असा भुसा ब्रूडरच्या उबेत गेला की त्यात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी वाढते आणि वरचा थर सुकताच तिचे बीजाणू धुळीबरोबर पिल्लांच्या फुप्फुसांत जातात. पिल्ले मान ताणून, चोच उघडून श्वास घेतात, पण सीआरडीत (कोंबड्यांच्या दीर्घकालीन श्वसनरोगात) ऐकू येणारी घरघर सहसा नसते. शवविच्छेदनात फुप्फुसांवर आणि वायुकोशांवर पिवळसर पांढऱ्या गाठी दिसतात. या रोगावर परवडणारा उपचार नाही. शिवाय हीच बुरशी ग्लायोटॉक्सिन नावाचे विषही तयार करते आणि ते रोगप्रतिकारक पेशींना मारक ठरते.

भात मात्र गिरणीत जाण्यापूर्वीच साधारण १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेले असते, त्यामुळे तूस बहुधा कोरडेच हाती येते. माझ्या शेडमध्ये तुसावर वाढलेल्या पिल्लांत धापेची तक्रार कमी राहिली. अर्थात त्याच काळात मक्याची निवडही मी कडक केली होती, हेही सांगायला हवे. बुरशी लागलेल्या मक्यातून खाद्यात येणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषामुळे पिल्लांची प्रतिकारशक्ती खालावते आणि रानीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लसही पुरेशी लागू पडत नाही, तेव्हा एकट्या गादीवर भिस्त ठेवता येणार नाही.

वाळलेल्या लाकडावर रंधा मारताना निघणारे जाडसर छिलके खात्रीने मिळत असतील, तर ते तुसाइतकेच चालावेत. तूस घ्यायचे असेल, तर वीटभट्ट्या आणि बॉयलरवाले ते आधीच उचलतात, हे लक्षात घेऊन पावसाळ्यापूर्वीच गिरणीशी बोलणी करावीत.