गणपतीपासून भातलावणीपर्यंत: इम्युनिटीच्या डब्यांचा अनुभव

निकाल आधी सांगते. चार गोष्टी वापरल्या: व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, झिंकवाली मल्टिव्हिटॅमिन, च्यवनप्राश आणि व्हिटॅमिन डीचे सॅशे. पैसे देऊन पुन्हा घेईन तर फक्त डी. तेही रक्तात कमी निघालं होतं म्हणून.

आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते, म्हणजे दिवस सगळा छपराखाली. मुलगा शाळेतून सर्दी घेऊन येतो आणि ती घरात सगळ्यांना वाटली जाते. गणपतीला भाऊजी मुंबईहून आले ते अर्धी बॅग डबे घेऊनच. "वहिनी, इम्युनिटी वाढवा." सासूबाईंचं त्याच दिवशी सुरू झालं, "काय गो, रोज ह्यो गोळयो कित्याक गिळतंस?"

सी पासून सुरुवात करते, कारण सगळ्यात आवडीने तीच खाल्ली. आंबटगोड, संत्र्याची चव. (मुलं ती गोळ्या-चॉकलेटांच्या हिशेबाने खातात, डबा वर ठेवा.) एका गोळीत ५०० मिलिग्रॅम. आणि गरज किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात पुरुषाला रोज ८०, बाईला ६५ मिलिग्रॅम. शरीर सी साठवून ठेवत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी तर मोठे डोस टाळलेलेच बरे. लायनस पॉलिंग या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास 'सी खा, सर्दी टाळा' असा प्रचार केला, तो अजून मेडिकलच्या काउंटरवर चालू आहे. पण २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात (पुष्कळ चाचण्या एकत्र तपासून काढलेला अहवाल) निघालं ते असं: रोज सी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांना सर्दी तितक्याच वेळा होते, फक्त मोठ्यांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर आटपते. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांना खरा फायदा दिसला. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे गोधडी ओढायची, एवढीच. शिंका सुरू झाल्यावर गोळी घेण्याचा तर ठाम उपयोग दिसलेलाच नाही, आणि घरोघरी नेमकं तेच करतात.

फाल्गुनात बागेत गेले आणि या गोळ्यांचं खरंच हसू आलं. काजूच्या झाडांखाली बोंडूंचा, म्हणजे बीवरच्या रसाळ फळांचा, खच. बी पिळून घ्यायची, बोंडू तिथेच कुजायला टाकायचा, ही आमची पिढ्यान्पिढ्यांची रीत. त्या बोंडूत संत्र्याच्या कितीतरी पट सी असतं. टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घशाला धरतो हे खरं, पण फोडी करून मीठ लावलं की जातो. एका दिवसात नासतो, म्हणून बाजारात कोणी आणत नाही. गोव्यात त्याची फेणी होते. इकडे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एकाहून एक जाती दिल्या, पण आम्हा लोकांची नजर बीवरून बोंडूवर काही येत नाही. मोसम संपला की आवळा आणि पेरू आहेतच. शंभर ग्रॅम आवळ्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या वर सी असतं. आणि एक गैरसमज: सोलकढी आंबट म्हणून त्यात सी भरपूर, असं पुष्कळजण सांगतात. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिडचा. सोलकढी प्या, पण जेवणाच्या सुखासाठी प्या.

झिंकने मला छळलं. रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतली की अर्ध्या तासात मळमळ, तोंडात दिवसभर पितळी भांड्याची चव. दुपारच्या जेवणानंतर घ्यायला लागले तेव्हा मळमळ थांबली. लेबल वाचताना एक गोष्ट बघा. झिंक सल्फेटचं वजन वेगळं आणि त्यातल्या शुद्ध झिंकचं वेगळं. मोनोहायड्रेट असेल तर शुद्ध झिंक साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त निघतं. मोठ्या माणसाला सगळं धरून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, कारण महिनोन्महिने जास्त झिंक घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होत जातं. माझ्या मल्टिव्हिटॅमिनवर कुठलं वजन लिहिलंय तेच कळत नव्हतं. अशा डब्याला माझ्याकडून दोनच तारे.

आणि हे सगळं अशा गावात, जिथे ओहोटीला बायका खडकांवरची कालवं (ऑयस्टर) फोडून आणतात! झिंकमध्ये कालवांच्या तोडीचं अन्न शोधून सापडायचं नाही. शाकाहारी घरांत काजू, तीळ, कडधान्यं. नाचणी, कुळीथ यांत फायटेट असतं, ते झिंक आणि लोह अडवून धरतं. मोड आणून किंवा आंबवून केलं की ते कमी होतं. नाचणीचं सत्त्व मोड आणून करायची जुनी पद्धत म्हणूनच चांगली.

च्यवनप्राशबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चव मस्त, खोकल्याच्या दिवसांत बरं वाटतं, पण घटकांच्या यादीत साखर अगदी वरच. सासूबाईंना मधुमेह, म्हणून तो डबा त्यांच्या हाताला लागू दिला नाही. गुळवेलीचा काढा मात्र मी घरात येऊच दिला नाही. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी छापल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वेगळ्याच वेलीची भेसळ असेल म्हणून. वाद कोणाचाही खरा असो, माझं यकृत त्यात नको.

आता डी. पाय दुखायचे, जिना चढताना जीव जायचा. डॉक्टरांनी रक्ततपासणी करायला लावली, डी १३ आलं. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. किनाऱ्यावर राहून, वर्षाचे आठ महिने ऊन असून! पण मी उन्हात असते कुठे? काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण डी तयार करणारे किरण काच अडवते. ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, दुधातून, ठरावीक आठवडे. चार सॅशेंना तेव्हा शे-दीडशे रुपये पडले. डी स्निग्धात विरघळतं म्हणून साय काढलेल्या दुधातून घेऊ नका. फेरतपासणीत ३४. पायांचं दुखणं खूप कमी झालं. सर्दी? तिच्याबद्दल मी शपथेवर सांगू शकत नाही. २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात श्वसनाच्या संसर्गापासून थोडा बचाव दिसला, विशेषतः कमतरता असलेल्यांना. नंतर आणखी चाचण्या मिळवल्यावर तो फायदा ठळक उरला नाही. डॉक्टरांना न विचारता हे सॅशे महिनोन्महिने घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

अख्ख्या काळात सर्दी नेहमीसारखीच झाली. पावसात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा, ताजा बांगडा नाही. मग सुकट, अंडी आणि कुळथाची पिठी यांवर प्रथिनं भागवली. ते मला कुठल्याही गोळीपेक्षा मोलाचं वाटतं.

लावणीच्या तोंडावर एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावीशी वाटते. चिखलातून येणाऱ्या लेप्टोच्या तापाला (लेप्टोस्पायरोसिस) कुठलाच डबा अडवत नाही. पायाला जखम असेल तर गमबूट घाला आणि आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिन या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. दोडामार्गाकडच्यांना गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचं वेगळं सांगायला नको, तिथे जंगलात जाताना गोचिडीपासून जपायचं.

घ्यायचंच असेल तर, औषध म्हणून नव्हे तर फूड सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ आहे का बघा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर झिंक, लोह, कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवा. भाऊजी यंदाही विचारतील काय आणू. मी सांगणार आहे, विटामिनं नकोत, चांगले गमबूट आणा.