पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस: पावसाळा ते दिवाळी वापरल्यावर

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आमचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह आणि मेलवर आलेल्या झिप, म्हणजे अनेक फाइली आवळून बांधलेली एकच फाइल. सप्टेंबरात सोसायट्यांचे वार्षिक अहवाल छपाईला येतात, तेव्हा तर विचारूच नका.

रोजच्या वापराबद्दल तक्रार नाही. पेनड्राइव्ह लावताच स्कॅन होतो, शॉर्टकट व्हायरस तिथल्या तिथे उडतो, कोरलड्रॉ अडखळत नाही.

घोडं अडतं ते झिपपाशी. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. अँटिव्हायरस जागा आहे का हे बघायलाच ती बनवलेली. नुसती ठेवली, पकडली. झिपमधल्या झिपमध्ये दडवली, तरी पकडली. पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये ठेवली, तर हिरवी खूण आणि 'धोका आढळला नाही'! पासवर्डशिवाय आतलं कुणालाच वाचता येत नाही, कबूल. मग 'तपासता आली नाही' असं सांगा ना. काउंटरवरचा मुलगा हिरवं बघून फाइल उघडणार, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असतो. बाहेर काढताक्षणी मात्र रिअल-टाइम स्कॅनने, म्हणजे मागे सतत चालू असणाऱ्या तपासणीने, ती पकडली, हे सांगायला हवं. संगणक हळू चालतो म्हणून तो स्कॅन बंद ठेवणारे दुकानदार मी पाहिलेत. त्यांचं देवच जाणे.

हे दुखणं जुनंच आहे. झिपमध्ये प्रत्येक फाइलची माहिती दोनदा असते, फाइलच्या आधी आणि शेवटच्या यादीत. २००४ साली या नोंदींत फाइलचा आकार शून्य लिहून कित्येक नामांकित अँटिव्हायरसना चकवता येत होतं. स्कॅनर 'रिकामी आहे' समजून पुढे जायचा, फाइल मात्र व्यवस्थित उघडायची.

झिप उघडणारं सॉफ्टवेअरही बघा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज खूण ठेवतं आणि उघडताना सावध करतं. जुन्या सेव्हन-झिपमध्ये आतल्या झिपमधून काढलेल्या फाइलवर ती खूण उतरत नसे, २४.०९ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. पण ते आपणहून अपडेट होत नाही, हाताने टाकावं लागतं.

पाचपैकी तीन तारे. नूतनीकरणाची खिडकी सारखी उघडते. ती सेटिंगमध्ये 'सूचना'खाली बंद करता येते.