जवळचा मिरर की डेब.डेबियन.ऑर्ग?

रामबागेतल्या आमच्या क्लासात डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारे बारा पीसी आहेत. सोर्सेस.लिस्टमध्ये, म्हणजे अपडेट कुठून आणायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, जवळचा मिरर (डेबियनच्या फाइलींची प्रत ठेवणारा सर्व्हर) लिहावा की सरळ डेबियनचा स्वतःचा पत्ता डेब.डेबियन.ऑर्ग, असं इंदूरच्याच दोन-तीन शिक्षकांनी मला विचारलं. मी दोन्ही वापरले आहेत, आधी जवळचा.

वेगात जवळचा मिरर सरस, यात वाद नाही. लिबरऑफिसचं अपडेट चहा होईपर्यंत उतरायचं. सुरक्षिततेचं म्हणाल तर दोन्ही सारखेच. डिजिटल सही डेबियनच्या किल्लीची असते, मिररची नव्हे. इनरिलीज या मुख्य यादीवर सही, इनरिलीजमध्ये पॅकेजेस या पॅकेजांच्या यादीच्या फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), आणि त्या फाइलमध्ये प्रत्येक डेबचा, म्हणजे प्रत्येक पॅकेजच्या फाइलचा. फाइल कोणी आणून दिली याला महत्त्व नाही.

अडचण आली ती वेळेची. मिररनं आधी पूल (पॅकेजच्या फाइली) आणि मग डिस्ट्स (इनरिलीजसारख्या याद्या) अशा दोन टप्प्यांत मूळ सर्व्हरशी सिंक करायचं असतं. आमच्या मिररवर बहुधा सगळं एकदमच ओढलं जात असावं. सकाळच्या बॅचला अपडेट लावलं की इनरिलीज नवी, पॅकेजेस जुनी, आणि पडद्यावर ‘हॅश सम मिसमॅच’. तासाभरानं आपोआप ठीक. आठवड्यातून एक-दोनदा तरी हे व्हायचं.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण एक दिवस तिसऱ्या पीसीची सोर्सेस.लिस्ट उघडली, तर ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहिलेलं. लॅब सांभाळणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “सर, एरर रोजच येते ना, म्हणून नेटवर बघून टाकलं.” बारापैकी सात पीसींवर तेच. त्या शब्दानं हॅशची तपासणी थांबत नाही, त्यामुळे मिसमॅच येतच राहिला होता. बंद पडली होती ती फक्त सहीची तपासणी. मुलाला मी काय बोलणार? वरचेवर उगाच ओरडणारी सूचना मीच त्याच्यासमोर ठेवली होती.

त्याच संध्याकाळी ते शब्द काढले आणि बाराही पीसी डेब.डेबियन.ऑर्गवर नेले. हे सीडीएन आहे, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून फाइली पुरवणारं जाळं. मोठी अपडेट्स थोडी हळू उतरतात, पण तेव्हापासून मिसमॅच एकदाच पाहिल्याचं आठवतं. दुसऱ्या कुणाचा मिरर नीट सिंक होत असेल, तर त्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

आता सहीची तक्रार आली की कारण आमच्याच बाजूला सापडतं. ‘नोडेटा’ दिसलं तर वायफायचं लॉगिन राहिलेलं असतं आणि इनरिलीजच्या जागी लॉगिनचं पान उतरलेलं असतं. ‘नॉट व्हॅलिड येट’ म्हटलं तर बोर्डाचा सेल संपून घड्याळ मागे गेलेलं असतं. ‘नो पबकी’ आलं तर कीरिंग, म्हणजे डेबियनच्या किल्ल्यांचा संच, जुनी. मुलगा आता आधी घड्याळ बघतो, मग मला हाक मारतो.

आयएसओ, म्हणजे डेबियन बसवायची डिस्क-फाइल, मात्र मी अजून जवळच्या मिररवरूनच घेतो. एसएचए५१२सम्स ही हॅशची यादी आणि तिची सही डेबियनच्या मूळ साइटवरून आणून ताडून बघतो, आणि मगच पेनड्राइव्हवर चढवतो.