आजीची फुगडी परत बघायला मिळाली – जुन्या व्हिडिओ कॅसेटी साफ करून देणारं सांगलीच्या विश्रामबागेतलं दुकान, माझा अनुभव

आमच्याकडं एकूण नऊ व्हीएचएस कॅसेटी होत्या, सगळ्या घरच्या शूटिंगच्या. मामा मस्कतला होता, त्यानं १९९१ ला सुट्टीवर येताना खांद्यावर घ्यायचा कॅमेरा आणला आणि मग पुढची चार-पाच वर्षं घरात जे काय झालं ते सगळं त्यात आहे, बारशी, गणपती, तासगावच्या मळ्यातली द्राक्षं, आणि धाकट्या काकूची पहिली मंगळागौर, श्रावण १९९३. त्या मंगळागौरीत आजी फुगडी खेळलीय. आजीचं हलतं-बोलतं, आज लावून बघता येईल असं दुसरं काहीच नाही आमच्याकडं. फोटो आहेत पण फोटो म्हटलं की ती ताठ बसायची आणि चेहरा एकदम गंभीर करायची. त्यामुळं ही एक कॅसेट नीट व्हावी एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दिलेली. त्यांनी आठ दिवसात पेन ड्राइव्ह हातात दिला, लावून बघितलं तर सगळी माणसं आडवी सुजल्यासारखी, कारण जुन्या टीव्हीचं ४:३ चित्र ओढून १६:९ केलेलं. फुगडी सुरू झाली की हातांच्या कडांना कंगव्याचे दात. ते सांगितल्यावर त्यांनी 'एआयनं एचडी करून देतो' म्हणून परत घेतलं आणि जे आलं ते बघून माझी आई उठून आत गेली. आजीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. ते गायब. गालाच्या सुरकुत्या पण गायब, आणि डोळे कुणा परक्या बाईचे वाटावेत असे. त्या सॉफ्टवेअरला ठिपके म्हणजे कचरा वाटला असणार, त्यानं पुसून टाकले आणि जिथं काही दिसत नव्हतं तिथं स्वतःच्या मनानं चेहरा भरला.

मग ऑफिसातल्या एकीनं ह्या दुकानाचं सांगितलं. दुकान चालवणारे काका आधी टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती करायचे, आणि ते पहिल्या पाच मिनिटातच कळतं. मी पिशवी दिली तर त्यांनी एकही कॅसेट मशीनमध्ये घातली नाही. प्रत्येकीची पुढची झडप उघडून बॅटरी मारून बघितलं, खिडकीतनं रिळाच्या कडा बघितल्या, आणि चार कॅसेटी बाजूला काढल्या. "ताई, ही पांढरी भुकटी दिसते ना ती बुरशी आहे, ही तशीच लावली तर हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटणार आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागणार." आमचं घर गावभागात, पावसाळ्यात माळ्यावर ओल असतेच, त्यामुळं नवल काही नव्हतं. त्यांच्याकडं एक जुना व्हीसीआर आहे ज्यातलं हेडचं ड्रम काढून टाकलंय, त्यात मऊ कापड लावून फीत हळूहळू पुढं-मागं फिरवतात आणि बुरशी पुसून काढतात. कापड किती काळं होतं ते मी बघितलंय.

आता खरं काम. हे मी त्यांच्याकडं बसून विचारून घेतलेलं आहे, ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते. व्हीएचएसवर उजेड-अंधाराचं चित्र वेगळं आणि रंग वेगळा असा साठवलेला असतो, आपण घरी जी पिवळी पिन लावायचो त्यात ते दोन्ही परत एकत्र कालवले जातात. काका एस-व्हिडिओ केबलनं घेतात, त्यात दोन्ही वेगळे राहतात, आणि मशीन पण साधं नाही तर एस-व्हीएचएसचं, म्हणजे व्हीएचएसच्याच सुधारित प्रकाराचं. मध्ये एक जुना पॅनासोनिकचा डीव्हीडी रेकॉर्डर जोडलेला, त्यात रेकॉर्डिंग काहीच करत नाहीत, नुसतं चित्र त्यातनं पुढं जातं. कशाला म्हणून विचारलं तर त्यांनी दोन्ही करून दाखवलं. आमच्या देवघराच्या दाराची चौकट, ती रेकॉर्डरशिवाय पाण्यात दिसावी तशी हलत होती, प्रत्येक आडवी रेघ किंचित वेगळ्या जागी सुरू होत असल्यानं, आणि रेकॉर्डरमधनं गेल्यावर सरळ उभी राहिली. कॅप्चर करतानाच, म्हणजे कॅसेटवरनं कॉम्प्युटरवर घेतानाच, हे झालं तर झालं, नंतर कॉम्प्युटरवर सरळ करणं फार अवघड असं ते म्हणाले.

चित्र पकडतात ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये, हफवाययूव्ही म्हणून चित्रातलं काही न गाळणारा फॉरमॅट आहे, तासाला तीसेक जीबी लागतात. मला हार्ड डिस्क घेऊन यायला सांगितलं तेव्हा जास्त वाटलेलं, पण ती मूळ फाइल वेगळी ठेवून साफसफाई सगळी कॉपीवर करतात. मूळ फाइल आधी माझ्या डिस्कवर टाकून दिली आणि म्हणाले ही कधी पुसू नका, उद्या माझ्यापेक्षा चांगलं करणारा कुणी भेटला तर त्याला ही द्यायची. असं सांगणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही.

फुगडीचं काय झालं ते सांगते. आपल्याकडं तेव्हा टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० वेळा हालचाल टिपलेली असते. ते दोन अर्धे तसेच एकावर एक ठेवले की जोरात हलणाऱ्या गोष्टीला कंगवा दिसतो, आणि एक अर्धा फेकून दिला तर निम्मी हालचाल जाते. काका एव्हीसिंथ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसी म्हणून एक फिल्टर वापरतात, त्यात प्रत्येक अर्ध्याचं पूर्ण चित्र होऊन सेकंदाला ५० मिळतात. मी ते स्क्रीनवर बघितलं आणि खरंच रडू आलं. आजी आणि काकू हात धरून मागं झुकलेल्या, आजीच्या हिरव्या नऊवारीचा काष्टा, बांगड्या वर सरकलेल्या, वेग वाढतोय, आणि शेवटी आजी हसत थांबते आणि गुडघा धरते. ते गुडघा धरणं आधीच्या फाइलमध्ये नुसता धुरकट ठिपका होता.

रंगाचं पण एक होतं. ती कॅसेट म्हणजे मूळ नव्हे, मामानं व्हीसीआरवरनं व्हीसीआरवर केलेली कॉपी, आणि दर कॉपीला रंग थोडा खाली उतरतो. सगळ्या बायकांचं कुंकू कपाळावरनं सरकून भुवईत आलेलं. लाल रंग तर सगळ्यात जास्त पसरतो. काकांनी रंगाचा थर दोन रेघा वर आणि जरा डावीकडं सरकवला, कुंकू जागेवर बसलं. एवढीशी गोष्ट आहे, पण चेहरे एकदम आपले वाटायला लागले.

चित्रातल्या मुंग्या, म्हणजे ती बारीक ठिपक्यांची वळवळ, कमी करायच्या वेळेला मात्र मी मुद्दाम गोंदणाचं सांगितलं. त्यांनी मला शेजारी बसवलं, आरतीच्या वेळेला जिथं आजीचा चेहरा जवळनं येतो तिथं थांबवलं आणि थोडं थोडं वाढवत नेलं, कुठल्या आकड्याला ठिपके पुसट होतात ते बघितलं आणि त्याच्या बरंच अलीकडं थांबले. मुंग्या थोड्या राहिल्यात. मला चालतात. ४के करता का विचारलं तर म्हणाले, "ह्यात आडवी जेमतेम २४० रेघांची माहिती आहे ताई, मी फाइल मोठी करून देईन, पण आजी त्यातनं जास्त येणार नाहीत." आवाजाचं तसंच, विजेची गुणगुण पूर्ण काढली, मागची खरखर निम्मीच कमी केली, कारण अजून कमी केली की आजीचा 'स' गिळला जायचा आणि ती विहिरीतनं बोलल्यासारखी वाटायची.

तक्रारी आहेत, त्या पण लिहायला पाहिजेत. वेळ फार लागतो, तीन आठवडे सांगितले आणि अडीच महिने लागले. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. कॅसेटी घेतल्याची पावती देत नाहीत, मी स्वतः कागदावर नऊ कॅसेटींची यादी करून सही घेतली, तुम्ही पण घ्या. पैसे म्हणाल तर नुसतं कॅप्चर कॅसेटला नऊशे, बुरशी काढायचे वेगळे, आणि पूर्ण साफसफाईचे तासावर घेतात, मी फक्त मंगळागौर आणि एका बारशाची केली, बाकीच्यांच्या मूळ फाइली आहेतच. स्वस्त नाही. पण तो माणूस एकेका कॅसेटवर किती तास बसतो ते बघितल्यावर मी घासाघीस केली नाही.

एक कॅसेट अजून त्यांच्याकडं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या कपाटात ती राहिली होती आणि बाबांनी पूर ओसरल्यावर उन्हात वाळवली. उन्हात वाळवायची नसते, हे आता कळलं. ओली असतानाच स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन सावलीत वाऱ्यावर वाळवायची, आणि काही झालं तरी लावून बघायची नाही. आमच्या कॅसेटमध्ये गाळ फितीवर सुकून बसलाय. काकांनी रीळ नवीन डबीत बदलून तीन वेळा फिरवलं, चाळीस मिनिटं निघाली, त्यात पण मध्ये पांढऱ्या रेघांचे पट्टे आहेत. तीन वेगवेगळे कॅप्चर एकावर एक ठेवून जे दोघात सारखं ते घ्यायचं असं करून काही रेघा गेल्या, पण जिथं फितीवरचा थरच निघालाय तिथं तिन्हीत रेघ आहे, तिथं काही नाहीच. ह्या चाळीस मिनिटांचे पैसे त्यांनी अजून सांगितलेले नाहीत. उरलेलं रीळ गणपती झाल्यावर परत बघू म्हणालेत, त्यात काकूच्या मोठ्या मुलाचं बारसं आहे आणि पाळणा आजीनं म्हटलेला आहे असं आई सांगते.