हार्ट इन्फ्लमेशन पॅकेज: सर्व्हिस झकास, रिपोर्ट अर्धवट

बाबांच्या हार्ट अटॅकनंतर घरी येऊन ब्लड नेणाऱ्या एका लॅबचं 'हार्ट इन्फ्लमेशन' पॅकेज घेतलं होतं. ५ पैकी ३ स्टार, आणि ते तीनही ब्लड घ्यायला आलेल्या मुलाचे. वेळेवर आला, एकदाच टोचलं, ट्यूबवर लेबल आमच्यासमोर लावलं, रिपोर्ट त्याच दिवशी ॲपवर.

घोळ रिपोर्टमध्ये आहे. एचएस-सीआरपीपुढे (शरीरातली सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारं रक्तातलं प्रोटीन सीआरपी, ते बारकाईने मोजणारी टेस्ट) लाल बाण आणि खाली मोठ्या अक्षरात 'हाय रिस्क', आईचा तर चेहराच उतरला. आणि अटॅक नक्की कधी आला हे बुकिंगपासून शेवटपर्यंत कोणी विचारलंच नाही!! अहो या टेस्टमध्ये तारीखच तर सगळं काही आहे. हार्टचा स्नायू मेला की इंटरल्युकिन-६ हे सुजेचा निरोप पोचवणारं प्रोटीन वाढतं, त्याच्या इशाऱ्यावर लिव्हर सीआरपी बनवायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते टोकाला जातं आणि मग हळूहळू उतरतं, त्यामुळे डिस्चार्जनंतर लगेच टेस्ट केली की लाल बाण येणारच. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १ च्या खाली लो, ३ च्या वर हाय ही जी पट्टी छापतात ती २००३ च्या शिफारशींमधली आहे, तब्येत स्थिर असलेल्या माणसांसाठी, आणि १० च्या वर आकडा गेला तर आधी इन्फेक्शन वगैरे बघा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा करा असं तिथेच सांगितलंय. रिपोर्टवर यातलं काहीच नाही.

म्हणजे टेस्ट फालतू आहे असं नाही हां. अटॅकच्या वेळी सीआरपी फार चढलं तर नुकसान मोठं असण्याची आणि पुढे हार्ट फेल्युअरची शक्यता जास्त असते. आणि सगळं निवल्यावरही २ च्या वरच राहिलं तर त्यालाही अर्थ आहे, २०१७ च्या कॅन्टॉस ट्रायलमध्ये असेच जुने अटॅकवाले पेशंट घेतले होते, कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं तर पुढचे अटॅक-स्ट्रोक वगैरे साधारण १५ टक्के कमी झाले, पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली. गाऊटवर (सांधे सुजण्याच्या आजारावर) देतात ती कोल्चिसिनची गोळी २०१९ च्या ट्रायलमध्ये अटॅकनंतर उपयोगी ठरली, २०२४ च्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसलाच नाही. डॉक्टर एवढं तोलूनमापून बोलतात आणि ॲप एका बाणात निकाल लावून मोकळं.

ॲपचा ग्राफ तर विचारूच नका. हॉस्पिटलचा जुना रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये, लॅबचा प्रति लिटरमध्ये, यांनी दोन्ही आकडे तसेच एका रेषेत जोडले. दहापटीचा फरक पडतो हो! बाबांचं उतरलेलं सीआरपी ग्राफमध्ये चढलेलं दिसत होतं. कस्टमर केअरचं उत्तर, 'कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.'

पॅकेजमधला ईएसआर (लाल पेशी किती वेगाने तळाशी बसतात ते बघणारी सुजेची जुनी टेस्ट) तर मला भरतीचाच वाटला, वय वाढलं किंवा ॲनिमिया असला तरी तो वाढतो. उलट साध्या सीबीसीमधले (रक्तपेशींच्या मोजणीतले) न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, म्हणजे दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा रेशो, अटॅकनंतरच्या धोक्याचा अंदाज घ्यायला अभ्यासांमध्ये सर्रास वापरतात, तो काढायला वेगळी टेस्ट लागत नाही, आणि एवढ्या पानांच्या रिपोर्टमध्ये नेमका तोच नव्हता. पुढच्या वेळी डॉक्टर सांगतील तेव्हा सुटी एचएस-सीआरपी करणार, सर्दी-ताप नसताना आणि त्याच लॅबमध्ये, कारण तो ब्लडवाला मुलगा खरंच चांगला आहे.